अर्ज पुन्हा त्याच कचेरीत

तंजावरच्या मराठी घरांत 1855 सालाची आठवण निघते ती राजवाड्यामुळे. त्या वर्षी 29 ऑक्टोबरला दुसरे शिवाजीराजे वारले. मागे मुलगा नव्हता. कंपनी सरकारने गादी संपल्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1856 मध्ये, फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्याने फौज घेऊन राजवाड्यात शिरून खजिन्याला कुलपे ठोकली, मोहरा लावल्या. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये निकाल लागला की ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येणार नाही. या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

त्याच 1855 साली, राजे वारण्याच्या काही महिने आधी, मद्रासेत एक अहवाल सादर झाला. त्यात राजाराण्या नव्हत्या. साऱ्यासाठी उन्हात ओणवे केलेले शेतकरी होते, कबुलीजबाबासाठी बोटे चेपलेले संशयित होते आणि दाद मागायला शेकडो मैल चालत आलेली माणसे होती. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या तिघा आयुक्तांचा तो अहवाल. आज भारतात जे पोलीस खाते आहे, त्याच्या जन्माचा एक मोठा धागा या अहवालापर्यंत जातो. आणि पोलिसांविरुद्धची तक्रार कोणी ऐकायची, हा आजवर न सुटलेला प्रश्नही त्यातच पहिल्यांदा स्पष्टपणे मांडलेला सापडतो.

या अहवालाकडे मराठी वाचकाला परक्याची गोष्ट म्हणून पाहता येत नाही. 1799च्या तहाने सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि मानमरातब उरला, मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला. पण कारभार करणारे हात बरेचसे जुनेच राहिले. तंजावर आणि कुंभकोणमची देशस्थ घराणी हिशेबात, लेखणीत, भाषांत तरबेज होती. त्यांतली माणसे इलाखाभर शिरस्तेदार, तहसीलदार, मुनशी म्हणून पसरली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव याच कुंभकोणमच्या मातीतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रास इलाख्यातल्या अनेक जिल्ह्यांचे महसुली हिशेब मराठीत आणि मोडी लिपीत लिहिले जात. कचेऱ्यांतल्या जागा मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटू देऊ नका, असे महसूल मंडळाला कलेक्टरांना बजावावे लागले होते. म्हणजे रयत ज्या कचेरीच्या पायरीवर उभी राहायची, त्या कचेरीच्या आत अनेकदा मराठी बोलले जाई.

कचेरीत दोन सत्ता एकत्र नांदत होत्या. थॉमस मन्रोच्या पुढाकाराने 1816 मध्ये जे कायदे झाले, त्यांनी आधीची दारोगा पद्धत मोडली आणि पोलिसांचे काम गावच्या पाटलाकडे व तहसीलदाराकडे दिले. वर कलेक्टर, तोच जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट. हेतू वाईट नव्हता. गावाची जुनी व्यवस्था टिकावी, बाहेरून लादलेले दारोगे जावेत, असे मन्रोला वाटत होते. पण परिणाम असा झाला की सारा वसूल करणारा, चोर पकडणारा आणि किरकोळ गुन्ह्याला शिक्षा करणारा माणूस एकच झाला. ज्याने तगादा लावायचा त्याच्याच हाताखाली शिपाई. मद्रास इलाख्यातली रयतवारी म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यात थेट व्यवहार. तो थेटपणा शेतकऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा शिपायाच्या रूपाने येई.

वसुलीची हत्यारे साधी होती. ‘किट्टी’ म्हणजे एका टोकाला बांधलेल्या दोन काठ्या. त्यांच्यामध्ये बोटे धरायची आणि लिंबू पिळावे तशी दाबत जायची. ‘अनंदाळ’मध्ये माणसाला वाकवून दोरीने असे जखडायचे की मान पायाकडे ओढलेली राहते, आणि तसेच तासन्‌तास ठेवायचे. याखेरीज भर उन्हात उभे करणे, पाठीवर दगड ठेवणे, अन्नपाणी तोडणे, आणि नारळाच्या करवंटीत किडा कोंडून ती बेंबीवर बांधणे. यातल्या बहुतेक प्रकारांना ना हत्यारखाना लागत होता, ना खर्च. दोरी, काठी, करवंटी आणि ऊन एवढ्यावर काम भागे.

या गोष्टी गावोगाव सगळ्यांना ठाऊक होत्या. लंडनला ठाऊक नव्हत्या, किंवा ठाऊक नसणे सोयीचे होते. त्या तिकडे पोचवण्याचे काम मद्रासेतल्या एका व्यापाऱ्याने केले. गाजुलू लक्ष्मीनरसू चेट्टी यांनी 1844 मध्ये ‘क्रेसेंट’ नावाचे वृत्तपत्र सुरू केले आणि 1852 मध्ये मद्रास नेटिव्ह असोसिएशन उभी केली. असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. त्यात साऱ्याचा बोजा होता आणि वसुलीतला छळही होता. 1853 मध्ये डॅनबी सीमोर नावाचे ब्रिटिश खासदार हिंदुस्थानात आले, तेव्हा लक्ष्मीनरसू यांनी त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरवले आणि रयतेच्या तोंडून सारे ऐकवले. जुलै 1854 मध्ये कॉमन्स सभागृहात मद्रासच्या जमीनसाऱ्यावर चर्चा झाली, तेव्हा छळाचा मुद्दा निघाला. कंपनीच्या बाजूच्या सभासदांनी तो उडवून लावायचा प्रयत्न केला. पण मुद्दा सभागृहाच्या नोंदीत आला होता. चौकशीचा हुकूम सुटला.

गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या सरकारने सप्टेंबर 1854 मध्ये तिघांना नेमले. ई. एफ. इलियट मद्रास शहराचे मुख्य मॅजिस्ट्रेट. एच. स्टोक्स मुलकी खात्यातले जुने अधिकारी. आणि जॉन ब्रूस नॉर्टन हे वकील, सरकारवर टीका करायला न कचरणारे. तिघांनी देशी भाषांतून जाहीरनामे काढले : ज्याला छळ झाला असेल त्याने यावे किंवा लिहावे.

आणि माणसे आली. 1,959 तक्रारी दाखल झाल्या. त्यांतल्या 519 जणांनी प्रत्यक्ष येऊन सांगितले, 1,440 तक्रारी पत्राने आल्या. आयोग मद्रासेत बसला होता. मदुरा किंवा तिनेवेल्लीच्या माणसाला तिथवर पोचायचे तर शेकडो मैल, बहुधा पायी, वाटेतला शिधा पदरचा, शेत मागे तसेच टाकून. शिवाय परतल्यावर त्याच तहसीलदाराच्या हद्दीत राहायचे. हे सगळे माहीत असूनही पाचशेहून अधिक माणसे निघाली. पोलिसांच्या छळाविरुद्धचे या देशातले पहिले मोठे आंदोलन कोणते, असे कोणी विचारले तर मोर्चा नसलेल्या, घोषणा नसलेल्या या चालण्याकडे बोट दाखवावे लागेल.

एका रयतेची तक्रार अशी होती. पावसाअभावी भात बुडाले. जमाबंदीच्या वेळी त्याने आणि इतरांनी जुन्या करारानुसार सूट मागितली. ती मिळाली नाही म्हणून त्यांनी पट्टे घ्यायला नकार दिला. मग जूनपासून ऑगस्टपर्यंत तहसीलदाराच्या माणसांनी त्यांना रोज उन्हात नेऊन ओणवे केले, पाठीवर दगड ठेवले, तापलेल्या वाळूत उभे केले आणि आठ वाजून गेल्यावर जेवायला सोडले. या तीन महिन्यांत ते कलेक्टरकडे अर्ज घेऊन गेले. कलेक्टरने घेतले नाहीत. ते सेशन्स कोर्टात गेले. कोर्टाने अर्ज कलेक्टरकडे पाठवून दिले. शेवटी मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. बायकांनाही सोडले नव्हते, त्यांच्या छातीला किट्टी लावली गेली.

छळ होतो की नाही याचे उत्तर आयोगाने स्वच्छ दिले. होतो, आणि सर्रास होतो. पण तिघांनी त्याहून दुःखाची गोष्ट म्हणून दुसरीच नोंदवली. ती होती दाद मिळण्याची अशक्यता. कलेक्टरच्या ठिकाणापर्यंत जायचे म्हणजे खर्च आणि खोळंबा. तिथे अर्ज दिला तर बहुतेक वेळा त्यावर शेरा पडे की तहसीलदाराकडे पाहावे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हातात ते गाऱ्हाणे परत. गुन्हा शाबीत झालाच तरी मॅजिस्ट्रेटला पोलिसाला पन्नास रुपये दंड किंवा महिनाभर कैद एवढीच शिक्षा देता येई. जास्त शिक्षा हवी तर खटला वरच्या न्यायालयात पाठवायचा, आणि साक्षीदारांची पायपीट पुन्हा सुरू.

अहवालाचा एक भाग मात्र अपुरा राहिला, आणि ते सांगायलाच हवे. युरोपियन अधिकाऱ्यांचा छळाला पाठिंबा नाही, रयत आपल्याच देशबांधवांपासून वाचवा म्हणते आहे, असा निर्वाळा आयोगाने दिला. शिपाई देशी होता, तहसीलदार देशी होता, हे खरे. तहसीलदार मराठी असेल तर त्याचा दोष मराठीपणामुळे कमी होत नाही. पण वसुलीचा आकडा वरून येत होता. तो पूर्ण झाला की शाबासकी, घटला की विचारणा. आकडा कसा पूर्ण झाला हे कोणी विचारत नव्हते. किट्टी दाबणारे हात शोधले गेले, आकडा लिहिणारे हात अहवालाच्या बाहेर राहिले. 1857च्या सप्टेंबरात, उत्तरेत बंड पेटलेले असताना, कार्ल मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये याच अहवालावर लेख प्रसिद्ध केला आणि नेमका हा प्रश्न इंग्लंडच्या दारात नेऊन ठेवला. छळ मद्रासपुरताही नव्हता. त्याच सुमारास नाशिकमधल्या एका कोठडीमृत्यूचे प्रकरण मुंबई सरकारसमोर आले होते.

तरीही अहवालाने काम केले. महसूल आणि पोलीस वेगळे करा, ही त्याची मागणी कंपनीच्या डायरेक्टरांनी मान्य केली. 1859चा कायदा क्रमांक 24 आला आणि मद्रास इलाख्यात वेगळे, गणवेशधारी, पगारी पोलीस खाते उभे राहिले. विल्यम रॉबिन्सन त्याचे प्रमुख झाले. 1860च्या अखिल भारतीय पोलीस आयोगावरही ते होते, आणि मद्रासचा नमुना 1861च्या पोलीस कायद्यात देशभर गेला. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरायचा नाही असे ठरवले. 1872च्या पुरावा कायद्याच्या 25व्या कलमातून ते तत्त्व आज भारतीय साक्ष अधिनियमात आले आहे. कोर्टात ‘पोलिसांसमोरची कबुली चालणार नाही’ असे वकील म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे बोटे चेपली गेलेल्या माणसांच्या साक्षी असतात.

हे वाचताना सुधारणा पूर्ण झाली असे वाटू शकते. पण तक्रार कोणी ऐकायची, हा मधला दुवा तसाच राहिला. नव्या रचनेत शिपाई तहसीलदाराच्या हाताखालून निघून पोलीस सुपरिंटेंडेंटकडे गेला. त्याच्याविरुद्धचा अर्जही मग सुपरिंटेंडेंटकडेच जाऊ लागला. 1902-03 मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला, तेव्हा चाळीस वर्षांच्या नव्या पोलिसांबद्दल त्याला तेच लिहावे लागले : भ्रष्ट आणि जुलमी.

1930 मध्ये तंजावर जिल्ह्याने या पोलिसाला वेगळ्या तऱ्हेने उत्तर दिले. 13 एप्रिलला, मिठाच्या सत्याग्रहात, राजाजी शंभरेक स्वयंसेवक घेऊन तिरुचिरापल्लीहून निघाले. पंधरा दिवस चालून वेदारण्यमच्या किनाऱ्यावर मीठ उचलायचे होते. वाटेतला बहुतेक मुलूख तंजावर जिल्ह्याचा. कलेक्टर जे. ए. थॉर्न यांनी जाहीर केले की या लोकांना जेवण किंवा आसरा देणाऱ्याला दंडसंहितेखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होईल. पोलीस वाटेवर पहारा देत राहिले, आसरा देणाऱ्यांना अटक झाली, छड्या बसल्या. तेव्हा गावकऱ्यांनी भाताच्या पुड्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवायला सुरुवात केली. कोणी दिले, कोणाला दिले, पोलिसांना सिद्ध करता येईना. चालणारे झाडाखाली थांबत, वर पाहत, पुडी सोडून घेत.

वेदारण्यममध्ये वैरप्पन नावाचा एक न्हावी होता. गिऱ्हाईक पोलीस आहे हे कळताच त्याने अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेले. काम पुरे करायला सांगितले, तरी तो बधला नाही, तुरुंगात गेला. गावात त्याचे स्मारक आहे. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याकडे दाद मागून उपयोग नाही, हे ओळखलेल्या माणसाने आपल्या हातातल्या वस्तऱ्याने दिलेले ते उत्तर होते. 30 एप्रिलला मीठ उचलले गेले, राजाजींना अटक झाली. जिल्ह्यात सरकारबद्दल निष्ठा उरलेली नाही, असे थॉर्न यांनी स्वतःच वर कळवले.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, काठी बदलली नाही. कावेरीच्या त्रिभुजप्रदेशात बी. श्रीनिवास राव यांनी दलित शेतमजुरांची संघटना उभी केली होती. चाबकाचा मार आणि शेण कालवलेले पाणी पाजण्याची शिक्षा बंद करा, ही तिची पहिली मागणी. 1948 नंतर कम्युनिस्ट चळवळ दडपण्यासाठी सशस्त्र पोलीस गावांत आले. 1950 मध्ये वट्टाकुडी इरणियन आणि जांबवानोडै शिवरामन हे दोन तरुण पुढारी पोलिसांच्या गोळीने मेले. मजुरांच्या लढ्यातून 1952 मध्ये तंजावरसाठी कुळे आणि शेतमजूर यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जमिनीचा कायदा बदलला. पोलिसांचा कायदा 1859चाच राहिला. तमिळनाडूच्या जिल्ह्यांतले पोलीस आजही मुळात त्याच कायद्याखाली चालतात.

सुधारणेची भाषा पुढे दिल्लीतून आली. धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1981पर्यंत आठ अहवाल दिले. ते पडून राहिले. 1996 मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 22 सप्टेंबर 2006 रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला एक तक्रार प्राधिकरणाचा होता. राज्याच्या पातळीवर निवृत्त न्यायमूर्ती, जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीश यांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकायच्या. दीडशे वर्षांनंतर कोणीतरी मद्रासच्या त्या तिघांच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. महाराष्ट्राने 2014च्या कायद्याने राज्य प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती ठेवले. तमिळनाडूने 2013 मध्ये स्वतःचा सुधारणा कायदा केला, आणि त्यात राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष गृहसचिव, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर आणि त्यांच्या शेजारी सदस्य म्हणून जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. या रचनेला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

या रचनेची किंमत काय, ते जून 2020 मध्ये सातानकुलमला दिसले. तूतुकुडी जिल्ह्यातल्या या गावी टाळेबंदीत दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी बाप-लेकाला ठाण्यात नेले. रात्रभर मारहाण झाली. काही दिवसांत दोघेही मेले. व्यापाऱ्यांनी राज्यभर दुकाने बंद ठेवली. मदुरा खंडपीठाने आपणहून प्रकरण हाती घेतले आणि न्यायदंडाधिकाऱ्याला ठाण्यात पाठवले. तिथे पोलिसांनी सहकार्य केले नाही. सीसीटीव्हीचे चित्रण रोजच्या रोज पुसले जाईल अशी व्यवस्था केलेली आढळली. एका महिला हेड कॉन्स्टेबलने मात्र भीत भीत साक्ष दिली. लाठ्यांवर आणि टेबलावर रक्त होते, असे तिने सांगितले.

पुरावे नष्ट होऊ नयेत म्हणून उच्च न्यायालयाने मग असा हुकूम दिला की ठाण्याचा ताबा महसूल खात्याने घ्यावा. आणि एका तहसीलदाराने पोलीस ठाणे ताब्यात घेतले. 1855 मध्ये तहसीलदाराच्या हातून पोलीस काढून घ्या, असे रयतेच्या साक्षीवरून आयोगाने सांगितले होते. 2020 मध्ये पोलिसांच्या हातून ठाणे काढून घ्यायला न्यायालयाला तहसीलदारच सापडला, कारण मधल्या 165 वर्षांत तिसरी, स्वतंत्र जागा कोणी बांधलीच नव्हती. तपास सीबीआयकडे गेला, नऊ पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. पाच वर्षांनी, जून 2025 मध्ये, शिवगंगा जिल्ह्यात एका मंदिराचा तरुण रखवालदार चोरीच्या संशयावरून पोलिसांच्या ताब्यात मेला. पुन्हा निदर्शने, पुन्हा उच्च न्यायालय, पुन्हा सीबीआय.

आशा नाही असे नाही. ती महिला हेड कॉन्स्टेबल खात्यातलीच होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावून ते चित्रण शक्यतो 18 महिने जपण्याचा आदेश दिला आहे. कॅमेरे पोलिसांच्या हातातले न राहता बाहेरच्या समितीच्या देखरेखीखाली आले, आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणावर कलेक्टर-अधीक्षकांऐवजी निवृत्त न्यायाधीश व स्वतःचे तपास करणारे लोक आले, तर नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेले दुखणे पहिल्यांदा कमी होईल. त्यासाठी घटना बदलायला नको. विधानसभेने एका कायद्यातली काही कलमे बदलायची आहेत.

तंजावरात दर सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाण्यांचा दिवस असतो. कावेरीकाठच्या गावांतून माणसे सकाळपासून येतात. पट्ट्याचे, पाण्याचे, पेन्शनचे अर्ज घड्या घालून हातात धरलेले. रांगेत म्हाताऱ्या बायका असतात, कोणी लिहून देणाऱ्याकडून अर्ज लिहून घेत असते. टेबलावर अर्ज घेतला जातो, नोंद होते, आणि शेरा पडून तो संबंधित खात्याकडे रवाना होतो.

रांगेतल्या एखाद्याचा अर्ज पोलिसांविरुद्ध असेल, तर त्याच्यासाठी संबंधित खाते पोलिसांचेच असते.